मैदानाला दारं किती?

(वाशीम येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



या व्याख्यानाचा विषय मी कळवला त्याच दिवशी संयोजकांपैकी एका मित्राचा फोन आला. म्हणाले, "साहेब, दहशतवाद वगैरे ठीक आहे, पण आपल्या वाशीमले कोन येते बॉम्ब लावाले? त्यापेक्षा समृद्धी महामार्गावर बोला ना." वऱ्हाडी माणूस उत्तर आधी ठरवतो आणि मग प्रश्न विचारतो. मी म्हटलं, तुमच्या याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर मला गणित शिकवायचे. उदाहरण सोडवायला घेतलं की वहीत आधी 'दिलेले' आणि त्याखाली 'काढायचे' असं लिहायला लावत. ते न लिहिता उत्तर बरोबर आलं तरी अर्धे गुण कापत. तेव्हा राग यायचा. पुढे सरकारी खात्यात अभियंता झालो आणि तीसेक वर्षं जे काम कुणाच्या नजरेत भरत नाही ते केलं. मंत्र्यांची सभा असो, यात्रा असो की १५ ऑगस्ट, मैदानात बल्ल्या रोवायच्या, व्यासपीठ उभं करायचं, पुढे 'डी', म्हणजे सुरक्षेसाठीची मोकळी जागा, सोडायचा, महिलांचा भाग वेगळा बांधायचा. दहशतवाद हा शब्द माझ्या टेबलावर पत्रातल्या एका ओळीपुरता यायचा: सुरक्षेच्या दृष्टीने मजबूत बॅरिकेडिंग करावे. मी जास्तीच्या बल्ल्या मागवायचो. या गणितात दिलेलं काय आणि काढायचं काय, हे मी फार उशिरा लिहून पाहिलं.

बहुतेकांना वाटतं, 'कोण' हे दिलेलंच आहे. कोण करतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त पकडायचं बाकी आहे. २०२५ चा जुलै महिना आठवा. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले होते. त्या खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयानं २१ जुलैला निर्दोष सोडलं. सर्वोच्च न्यायालयानं तीनच दिवसांनी सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. पुढे ३१ जुलैला मुंबईतल्या विशेष न्यायालयानं २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींची मुक्तता केली. भिक्कू चौकातल्या त्या स्फोटानं सहा माणसं मारली होती. दहा दिवसांच्या अंतरानं दोन निकाल. एका खटल्यातले आरोपी एका धर्माचे, दुसऱ्यातले दुसऱ्या. त्याच मालेगावात त्याआधी ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले होते. त्यात आधी पकडलेल्या मुस्लिम तरुणांना पाच वर्षांनी जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये ते आरोपमुक्त झाले. (हे नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव, आपलं वाशीम जिल्ह्यातलं नव्हे. पण २००८ साली टीव्हीवर पट्टी आली तेव्हा आमच्या घरातून पहिला फोन आपल्या मालेगावलाच गेला होता.)

न्यायालयांवर टीका करायला मी उभा नाही. माझं म्हणणं एवढंच की तपास यंत्रणांना सतरा-एकोणीस वर्षांत जे कोर्टात टिकेल असं सिद्ध करता आलं नाही, ते चौकातला पानठेलेवाला कुणाची दाढी, कुणाचा टिळा बघून ओळखेल असं आपण धरून चालतो. 'संशयित इसम दिसल्यास कळवा' हा फलक आपण लावतो. वाचणाऱ्याच्या मनात संशयित इसम आधीच उभा असतो, आणि मग त्याची नजर पिशवीवरून उठून माणसांच्या चेहऱ्यांवर जाते. म्हणून 'कोण' मी खालच्या ओळीत, 'काढायचे'मध्ये टाकतो. ते काढणाऱ्यांनी काढावं. दिलेली आहे ती जागा. वाशीमचा पाटणी चौक दिलेला आहे. पोहरादेवीच्या यात्रेचा माळ दिलेला आहे. कारंज्याच्या गुरुमंदिराकडे जाणाऱ्या गल्ल्या दिलेल्या आहेत.

जोखीम मोजणारे लोक एक साधा गुणाकार मांडतात. हल्ल्याचा धोका, जागेतली उणीव आणि होणारं नुकसान, या तिघांचा गुणाकार म्हणजे जोखीम. धोका म्हणजे समोरच्याची इच्छा आणि ताकद, ती त्याच्या हातात. उणीव आपल्या हातात, नुकसान बऱ्याच अंशी आपल्या हातात. गुणाकाराची गंमत अशी की त्यातली एक संख्या ठाऊक नसली तरी दुसरी निम्मी केली की उत्तर निम्मं होतं. सर असते तर म्हणाले असते, 'कोन येते' हे माहीत नसताना गणित सुटत नाही असं कुणी सांगितलं तुला?

आता उणीव कशी ओळखायची? आपल्याच राज्यातले स्फोट घ्या. १२ मार्च १९९३ ला मुंबईत २५७ माणसं गेली. त्या दिवशी शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार अशा ठिकाणी उभ्या केलेल्या मोटारी आणि स्कूटर फुटल्या. २५ ऑगस्ट २००३ ला गेटवे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजारात टॅक्सी फुटल्या. मालेगावात २००६ साली सायकली, २००८ साली, तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार, मोटारसायकल. १ ऑगस्ट २०१२ ला पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर पुन्हा सायकली, नशीब की तिथे एकच माणूस जखमी झाला. राज्याबाहेरही, २१ फेब्रुवारी २०१३ ला हैदराबादच्या दिलसुखनगरात, परत सायकलीच. करणारे वेगवेगळे, त्यांची कारणं वेगवेगळी, पण बॉम्ब बहुतेक वेळा चाकांवर आला आणि जिथे गाडी उभी करायला कुणी हरकत घेत नाही तिथे उभा राहिला. पुण्याच्या जर्मन बेकरीतली २०१० ची बॅग हा एक अपवाद. ती टेबलाखाली राहिली आणि सतरा जण गेले.

म्हणजे महाराष्ट्रातल्या खुल्या जागांपुढचा पहिला प्रश्न पार्किंगचा आहे. ऐकायला फार किरकोळ वाटतं. दहशतवादावरच्या व्याख्यानात माणूस पार्किंगवर बोलतो! पण पाटणी चौकात दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळी सहाला जाऊन उभे राहा. दुकानाच्या पायरीपासून हातगाडीपर्यंत मोटारसायकलींची भिंत लागलेली असते, त्यातली कोणती कुणाची हे दुकानदारालाही सांगता येत नाही. कालपासून उभी असलेली गाडी आणि आत्ता लावून गेलेली गाडी सारखीच दिसते. नगरपरिषदेच्या फाइलीत हा विषय वाहतूक आणि अतिक्रमण या मथळ्याखाली असतो आणि तिथेच राहतो. गाड्या गर्दीपासून लांब, एका जागी, टोकन देऊन लावल्या तर पाकीटमारी कमी होईल, अग्निशमनाची गाडी आत येईल, आणि बेवारस गाडी रात्री नऊला एकटी उरून आपोआप उठून दिसेल. याला यंत्र लागत नाही, टोकन देणारा एक माणूस लागतो.

चाकांचा दुसरा प्रकार जगानं अलीकडे पाहिला. १४ जुलै २०१६ ला फ्रान्समध्ये नीस शहरात समुद्रकाठच्या रस्त्यावर सणाच्या गर्दीत ट्रक घुसवला गेला, ८६ जण मेले. मग सगळीकडे रस्त्यांच्या तोंडाशी लोखंडी खांब आले. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या बोर्बन स्ट्रीटवरही आले होते. सणात लोक जे मण्यांचे हार उधळतात, त्यातले मणी रुळावरून आडव्या सरकणाऱ्या त्या खांबांच्या खाचांत अडकून ते बिघडत. म्हणून ते बदलायचं काम काढलं होतं, आणि १ जानेवारी २०२५ च्या पहाटे नेमके खांब नसताना गाडी आत आली. चौदा माणसं गेली. मला ही गोष्ट वाचून आपल्या मुख्य रस्त्यांचे दुभाजक आठवले. बसवण्याचं उद्घाटन होतं, दुरुस्तीचं होत नाही. आपल्याकडे विसर्जनाच्या रस्त्याच्या तोंडाशी वाळूनं भरलेली ट्रॉली आडवी लावली तरी ते काम होतं. फक्त रुग्णवाहिका आली की ती हलवणारा चालक किल्ली घेऊन तिथेच पाहिजे. घरी जेवायला गेलेला नको.

इथपर्यंत मी अडवण्याविषयी बोललो. आता माझ्या बल्ल्यांकडे येतो.

२३ नोव्हेंबर १९९४. नागपूर, हिवाळी अधिवेशन. गोवारी समाजाचा मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ अडवलेला होता. लाठीमार झाला, पळापळ झाली, आणि पळणाऱ्यांच्या वाटेत बॅरिकेड होतं. ११४ माणसं चेंगरून मेली, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. बॉम्ब नाही, बंदूक नाही, दहशतवादी नाही. मी तेव्हा नोकरीत होतो. ते बॅरिकेड माझं नव्हतं, पण त्या जातीची बॅरिकेडं मी कितीतरी बांधली होती. विदर्भातल्या अभियंत्यानं सुरक्षेवर बोलताना नीसच्या आधी गोवारींचं नाव घ्यायला हवं, हे मला आज, इथे उभं राहून, जाणवतंय.

त्यानंतर एकदा यात्रेच्या मैदानाचा माझाच जुना नकाशा काढून बसलो. गाव सांगत नाही. दहा हजार माणसं धरलेली, चहूबाजूंनी बल्ल्या, आणि 'तपासणीच्या सोयीसाठी' चार मीटरचं एकच फाटक. गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात की सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८२ माणसं बाहेर पडतात, पायऱ्यांवर ६६. ब्रिटनमधल्या क्रीडांगणांच्या नियमपुस्तकातले हे आकडे. म्हणजे माझ्या फाटकातून मिनिटाला ३२८. दहा हजारांना बाहेर यायला अर्धा तास, तोही कुणी ढकललं नाही तर. त्याच पुस्तकानुसार आठ मिनिटांत मैदान रिकामं व्हायला हवं. त्यासाठी पंधरा मीटरांहून थोडी जास्त रुंदी लागते, चार मीटरची चार फाटकं. साधा भागाकार. सातवीतलं पोरगं करेल. नोकरीत असताना मी तो एकदाही केला नव्हता आणि माझ्या वरच्या कुणी मागितलाही नव्हता. मागितलं जायचं ते व्यासपीठाच्या मजबुतीचं प्रमाणपत्र. व्यासपीठावर वीस लोक असतात.

जॉन फ्रुइन नावाच्या अमेरिकी अभियंत्यानं लिहून ठेवलंय की एका चौरस मीटरमध्ये सात माणसं झाली की गर्दी माणसांची राहत नाही, पाण्यासारखी वाहायला लागते. मग कुणी कुणाला ढकलत नसतं, सगळेच ढकलले जातात. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर हेच झालं आणि तीनशेच्या आसपास माणसं गेली. बगदादमध्ये त्याच वर्षी ३१ ऑगस्टला पुलावरून यात्रेकरू चालले होते, कुणीतरी म्हणालं गर्दीत आत्मघातकी हल्लेखोर आहे. नऊशेहून अधिक मेले. बॉम्ब नव्हता, नुसता शब्द होता. दहशत या शब्दाचा अर्थ तिथे पूर्ण वसूल झाला आणि दहशतवाद्याला यावंही लागलं नाही.

म्हणून माझ्या मित्राच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: बॉम्ब लावायला कदाचित कुणीही येणार नाही. पण रामनवमीला पोहरादेवीला लाखो माणसं येतात, हे नक्की. बॉम्बच्या वेळी जी उणीव जीव घेते, तीच अफवेच्या वेळी, आगीच्या वेळी आणि वळवाच्या पावसातही घेते. एकदा मोजली की चारही ठिकाणी उपयोगी पडते.

पोहरादेवीचंच बघू. माळावर जागा मोठी आहे. उघड्यावर स्फोटाचा दाब झपाट्यानं ओसरतो, कारंज्याच्या गल्लीत तो भिंतींवर आपटून परत येतो आणि वरच्या खिडक्यांच्या काचा खाली आणतो. त्या हिशेबानं माळ चांगला. पण तिथे येणारा बंजारा समाज तेलंगणातून येतो, कर्नाटकातून येतो. पोलिसांची घोषणा मराठीत, फार तर हिंदीत. घाबरलेल्या माणसाला आईची भाषा पटकन कळते. 'उत्तरेच्या फाटकानं, सावकाश, मुलांना उचलून घ्या' ही तीन वाक्यं त्यांच्या गोरमाटी बोलीत आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवायला किती खर्च येईल? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, हल्ल्याच्या वेळी, मुंबईच्या सीएसटी स्थानकावर उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीत बसून लोकांना मागच्या बाजूनं बाहेर पडायला सांगत राहिले. गोळ्या चालू असताना त्या आवाजानं कितीतरी जीव वाचवले. आपल्या यात्रांत माइक देणगीदारांची नावं वाचणाऱ्याच्या हातात असतो. त्याच्याबद्दल राग नाही. त्याच्या खिशात एक चिठ्ठी मात्र द्या.

दुसरं, सांगायचं कुणाला? मँचेस्टरमध्ये २२ मे २०१७ ला संगीताच्या कार्यक्रमाबाहेर बॉम्बस्फोट झाला, २२ जण गेले. एका पालकानं सुमारे पंधरा मिनिटं आधी, पाठीवर मोठी पिशवी घेऊन बसलेल्या त्या माणसाविषयी तिथल्या सुरक्षा कर्मचाऱ्याला सांगितलं होतं. नंतर दुसऱ्या एका सुरक्षा कर्मचाऱ्यानं रेडिओवरून वर कळवायचा प्रयत्न केला, लागला नाही. सांगणारा होता, ऐकणारा होता, मधली तार तुटलेली होती. आता तिथे २०२५ साली कायदा मंजूर झाला आहे, दोनशे किंवा अधिक लोक जमतील अशा ठिकाणाकडे आधीच ठरवलेली योजना असली पाहिजे. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१४ मध्ये गर्दीच्या नियोजनाची चांगली मार्गदर्शिका काढली. पण ती मार्गदर्शिकाच, कायद्याचा दंडा तिला नाही.

पाटणी चौकातल्या चहावाल्याला मी विचारलं, बाकाखाली पिशवी दिसली तर काय करशील? म्हणाला, "पहिले उघडून पाह्यतो, कोनाची हाय ते." तो प्रामाणिक माणूस आहे, पिशवी परत करायची त्याची इच्छा आहे. त्याला कुणी सांगितलंच नाही की हात लावायचा नाही, लोकांना लांब करायचं आणि ११२ लावायचा. मुंबईत २६/११ नंतर मोठी कॅमेरा यंत्रणा पूर्णपणे सुरू व्हायला २०१६ उजाडलं. कॅमेरा चांगलाच, पण तो झालेलं दाखवतो. चहावाला होण्याआधी बघतो, आणि रोज पहाटे पाचपासून बघतो.

या बाबतीत शिकायचंच असेल तर पालखीकडून शिका. शेगावची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोडवरून जाते तेव्हा रस्त्याच्या कडेला उभे राहून नीट बघा. ओळी ठरलेल्या, प्रत्येकाला आपल्या पुढचा-मागचा ओळखीचा, सामान कुठल्या गाडीत हे ठरलेलं, थांबा ठरलेला. चालतं-फिरतं मैदान आहे ते, आणि त्यात अनोळखी पिशवीला जागाच मिळत नाही. कुंपण नसताना. सुरक्षेसाठी मैदानं बंद करा, बागांना कुलपं लावा म्हणणाऱ्यांना मी हे दाखवतो. कुलूप लावलेल्या बागेत संध्याकाळी म्हातारी माणसं बसत नाहीत, आणि ती बसत नाहीत तिथे बघणारं कुणी उरत नाही.

नुकसानाविषयी थोडक्यात. पहलगामजवळच्या बैसरन कुरणात २२ एप्रिल २०२५ ला २६ जण मारले गेले, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्राचे होते. तिथे गाडी जात नाही, पायी नाहीतर घोड्यावर जावं लागतं. जखमी माणसाच्या दृष्टीनं हे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, मिनिटांत मोजायचं असतं. वाशीमला आता वैद्यकीय महाविद्यालय आलं, पण अकोल्याचं जुनं मोठं रुग्णालय ऐंशीएक किलोमीटरवर आहे. तोवर रक्त थांबवायचं ते शेजारच्या माणसानं, स्वतःच्या दुपट्ट्यानं, जखमेवर घट्ट दाबून. महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना हे एका दुपारी शिकवता येतं.

हे सगळं मोजायचं कुणी? कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे. बैठका होतात, मीही बसलोय. बैठक सकाळी अकराला, वातानुकूलित खोलीत, नकाशावर होते. माझी मागणी एवढीच की यात्रेच्या आधीची एक बैठक रात्री आठला, जागेवर, उभ्यानं व्हावी. पोलीस निरीक्षक, अभियंता, देवस्थानाचा माणूस, वीजवाला, आणि नारळाचं दुकान लावणारी बाई. तिला माहीत असतं की गर्दी कुठे तुंबते, कारण तिथेच तिचा धंदा होतो. हातात मोजपट्टी असावी. फाटकाची रुंदी सांगू नये, मोजावी.

शेवटी या सभागृहाबद्दल. सवयीनं मी आत येताना मोजलं. खुर्च्या साधारण तीनशे. दारं दोन. पुढचं दार सहा फुटांचं, उघडं आहे. मागचं दारही तेवढंच, पण त्याच्या बाहेर सात मोटारसायकली आडव्या लावलेल्या आहेत आणि दार आतून अर्धंच उघडतं. अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून विनंती करतो की प्रश्नोत्तरं सुरू करण्याआधी त्या सात जणांनी उठून आपापल्या गाड्या काढाव्यात. आम्ही थांबतो.